आधी शाई, मग शब्द

जर्मनीतल्या येना शहरातली बहुतेक मराठी मंडळी सॉफ्टवेअरमध्ये, उरलेली विद्यापीठात. दिवाळीच्या कार्यक्रमात प्लेट हातात धरून कोणी विचारायचं, "आणि तुम्ही कुठे असता, ताई?" मी सांगायची, "मी खोडलेलं वाचते." मग समोरचा थोडं हसायचा, चिवडा तोंडात टाकायचा आणि माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे मिलिंदकडे वळून भाड्याच्या घरांबद्दल बोलायला लागायचा. अठ्ठावीस वर्षं हेच चाललं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आहेत, या अंकाच्या संपादकांनी पानं दिली आहेत आणि मध्येच उठून चिवडा आणायला कोणी जाऊ शकत नाही. तेव्हा एकदा नीट सांगून टाकते.

मी मूळची अकोल्याची. फिजिक्स शिकले, प्रकाशशास्त्रात पीएचडी करायला येनाला आले. मध्ये दोन वर्षं स्टुटगार्टला कंत्राटावर काढली आणि परत येनाला येऊन एका लहानशा प्रयोगशाळेत चिकटले. आमच्याकडे जुने कागद यायचे. पाण्यात भिजलेले, जळालेले, कोणीतरी मुद्दाम शाई फासलेले. आम्ही त्यांचे फोटो काढायचो. फोटो म्हणजे आपण लग्नात काढतो तसे नव्हेत. कागद काळ्या खोलीत टेबलावर ठेवायचा, वर कॅमेरा, बाजूला दिवे. प्रत्येक दिव्याचा प्रकाश वेगळा, काही तर डोळ्यांना दिसतही नाहीत. एकाच पानाचे पंधरा-वीस फोटो.

यात जादू काही नाही. दोन शाया आपल्या डोळ्यांना सारख्याच काळ्यानिळ्या दिसतात, पण अवरक्त प्रकाशात त्यांतली एक नाहीशी होते आणि दुसरी थांबते. पूर्वी युरोपात ओकच्या झाडावरच्या गाठी आणि हिराकस उकळून शाई करायचे. ती शाई आमच्या दिव्याखाली फिकी होते, पण टिकते. तिच्यावर कोणी नंतरच्या काळातली दुसरी शाई फासली असेल आणि ती आमच्या प्रकाशात विरघळणारी असेल, तर खालचं अक्षर वर येतं. दोन्ही शाया एकाच जातीच्या निघाल्या तर मात्र हात जोडायचे आणि गिऱ्हाइकाला कॉफी पाजून घरी पाठवायचं. तसंही पुष्कळदा व्हायचं.

गिऱ्हाइकं काय एकेक यायची. एक बाई नवऱ्याची जुनी कॅलेंडरं घेऊन आल्या होत्या. नवरा वारलेला, आणि दर गुरुवारच्या चौकोनावर त्याने शाई गिरवलेली. अकरा वर्षांचे गुरुवार. बाईंची खात्री होती की दुसरी कोणीतरी आहे. मी फोटो काढले तर खाली लिहिलेलं, "गाण्याचा क्लास, सहा वाजता." बाई इतक्या संतापल्या की मला कळेना, दुसरी बाई निघाली असती तर बरं झालं असतं की काय. म्हणाल्या, अकरा वर्षं क्लास करून त्याने माझ्यासमोर एकदासुद्धा तोंड उघडलं नाही. रेगेन्सबर्गचे एक गृहस्थ चर्चच्या नोंदवहीतली खोडलेली ओळ घेऊन आले होते, त्यांचं घराणं सरदारांचं आहे हे सिद्ध करायला. खाली वरचीच ओळ पुन्हा लिहिलेली निघाली. पाद्र्याला झोप आली असणार.

आणि मग अमेरिकन. ते दर उन्हाळ्यात यायचे. पणजोबा इथल्या कुठल्यातरी खेड्यातून अमेरिकेला गेलेला, त्याची पत्रं इथे कोणाच्या तरी माळ्यावर सापडलेली. त्यांतल्या निम्म्यांना कादंबरी लिहायची असायची. जहाजावर काय खायचे, थंडीत पायांना काय गुंडाळायचे, हे सगळं खोदून खोदून विचारायचे. मला ते आवडायचं, कारण खोदून विचारायची खोड मलाही आहे. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. प्रत्येकाला आपला पूर्वज गरीब हवा असतो, आणि वर सज्जनही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी लोरेन आली ती यांच्यातली नव्हती. ती आफ्रिकन-अमेरिकन, वय साठीच्या आसपास, मिझुरी राज्यातली. शाळेत इतिहास शिकवायची आणि ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायची. दोन छापून आलेल्या होत्या, तिसरी अर्धी झाली होती. तिच्या घराण्याची सुरुवात एका बाईपासून होते. ती बाई एका हिवाळ्यात कडेवर मूल घेऊन शेजारच्या राज्यात आली, तिथे गुलामगिरी नव्हती. ती कोणाची गुलाम होती, कशी सुटली, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. तिचं नावही राहिलं नाही, कारण सगळे तिला मदर म्हणायचे. राहिला होता तिच्या तोंडचा एकच शब्द, आणि घरात कोणालाच त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. लोरेनने तो नकाशावर शोधून काढला. येनाजवळच्या एका खेड्याचं नाव होतं ते.

गावाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या गावातला एकच माणूस कुटुंब घेऊन मिझुरीत स्थायिक झाला होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आधी. त्याची चाळीसेक पत्रं गावात जपून ठेवलेली होती, त्याच्या भावाच्या वंशजाकडे. हे हेर्र फोग्ट, म्हणजे आपल्याकडचे फोग्टसाहेब. पूर्व जर्मनीच्या काळात गावच्या शाळेत मास्तर होते, आता ऐंशीच्या घरात. लोरेनचं पत्र गावाच्या कार्यालयात आलं, ही बातमी अर्ध्या गावाला कळली, आणि हेर्र फोग्टना नाही म्हणणं अवघड झालं. पत्रांत काही ठिकाणी ओळी खोडलेल्या होत्या. म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

खोडण्यामागचं कारण सगळ्यांना पटण्यासारखं होतं. अमेरिकेहून पत्र आलं की ते एकट्याने वाचायचं नाही, अशी त्या काळी इथे पद्धत होती. रविवारी चर्च सुटलं की सगळं गाव जमायचं आणि कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. मग घरच्या खाजगी गोष्टी, आजारपणं, भांडणं, हे सगळं आधीच खोडून टाकायचं. हेर्र फोग्टनी मला फोनवर हेच सांगितलं होतं, की त्यांच्या खापरपणजीने वाचनाच्या आधी ओळी खोडल्या. मी मान्य केलं. असे कागद मी पाहिलेले होते.

लोरेनचं म्हणणं साधं होतं. तिला नाव हवं होतं. कादंबरीची दोनशे पानं झाली होती आणि त्यांत त्या बाईचा उल्लेख फक्त "ती" असा होता. प्रकाशक मागे लागला होता, एखादं नाव ठेवून टाका, वाचकाला त्रास होतो. पहिल्या दिवशी जेवताना मीही तोच प्रश्न विचारला. तुम्ही कादंबरीकार, पाऊस रचता, जेवणं रचता, माणसांच्या मनातलं रचता, मग नावाचं काय एवढं? लोरेनने काटा खाली ठेवला. म्हणाली, "तिला नाव देण्याचा हक्क त्या काळी तिच्या मालकाला होता. मी दिलं तर मी त्याच्याच शेजारी जाऊन बसेन."

आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की वाचता येत नसेल तिथे टिंबं टाकायची, अंदाजाने काही भरायचं नाही. मला वाटायचं, कादंबरीकार म्हणजे ती टिंबं भरणारा माणूस. ही तर माझ्याहून कडक निघाली.

तिच्या मनात एक चित्र मात्र पक्कं होतं. मिझुरीतले बरेच जर्मन गुलामगिरीच्या विरोधात होते, हे पुस्तकांत आहे. तेव्हा या माणसाने तिला शेजाऱ्याच्या तावडीतून सोडवलं असेल, असं तिने लिहून ठेवलं होतं. हेर्र फोग्टचंही तेच म्हणणं. सुरुवातीची न खोडलेली पत्रं मी वाचली होती, त्यांत तो माणूस खरोखर लिहितो की जिथे बाजारात माणूस विकतात त्या बाजारावर मी थुंकतो. मलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोटो काढायचे होते. एरवी कागदाचा मालक बाहेर थांबतो. हेर्र फोग्ट म्हणाले, मी आत बसणार. बसा म्हटलं. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यांवर दोन्ही हात, शाळेच्या तपासणीला आल्यासारखे ताठ. लोरेन माझ्या दुसऱ्या बाजूला. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यांच्या काळी शाळेत रशियन होतं. तिला जर्मन येत नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते माझ्या तोंडातून होणार.

इथे आमची एक कामाची पद्धत सांगायला हवी. पडद्यावर चित्र आलं की आम्ही लगेच वाचत नाही. आधी शाई, मग शब्द. लिहिणारी शाई कुठली, खोडणारी कुठली, हे मोठ्याने बोलायचं, बाजूला रेकॉर्डर चालू असतो, त्याची नोंद होते. कारण एकदा शब्द वाचला की माणसाला हवं तेच दिसायला लागतं. अठ्ठावीस वर्षं हे इतकं अंगवळणी पडलेलं की मी स्वयंपाकघरातसुद्धा डब्यातला मसाला हुंगून मोठ्याने नाव सांगते, मिलिंद चेष्टा करतो.

चित्र आलं. खालचं अक्षर स्वच्छ. वरची शाई पार नाहीशी, इतकी की जणू कधी नव्हतीच. मला धंद्याचा आनंद झाला आणि मी सवयीने जर्मनमध्ये बोलून गेले: "लिहिणारी शाई, हिराकसाची. खोडणारी शाई, शाळेतली निळी. फाउंटन पेन. विसाव्या शतकातली, बहुधा उत्तरार्धातली."

जर्मनीत प्रत्येक पोर याच निळ्या शाईने लिहायला शिकतं. ती खापरपणजीच्या हातात कुठून येणार? हे माझ्या डोक्यात शिरायला दोन सेकंद लागले, आणि तोवर लोरेन विचारत होती, काय म्हणालात, काय म्हणालात? दुभाषी असण्याच्या तंद्रीत मी तेही इंग्रजीत सांगून टाकलं. मग वळून बघितलं. हेर्र फोग्ट पडद्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या हातांकडे बघत होते.

मी जीभ चावली, पण आता काय उपयोग. ते उठले, टेबलावरचं पान स्वतः उचललं, फोल्डरमध्ये घातलं आणि म्हणाले, "आल्झो, तर मग आज इथेच थांबू." आणि दारापाशी, पाठ फिरवूनच, "चित्राला माझी परवानगी नाही."

आमच्या फॉर्मवर पहिलंच कलम ते होतं. चित्र आणि त्याचं वाचन मालकाचं, त्याच्या लेखी संमतीशिवाय कोणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. त्या फॉर्मवर माझीही सही होती. मी पडदा बंद केला. पण बंद करण्याआधी माझे डोळे त्या ओळींवरून फिरून आले होते. सहा ओळींना काय वेळ लागतो.

लोरेन गाढव नव्हती. तिला ती जुनी जर्मन लिपी वाचता येत नव्हती, पण माझा चेहरा येत होता. म्हणाली, "तुम्ही वाचलंत. मला मजकूर नको. नाव आहे की नाही, एवढंच सांगा."

मी म्हटलं, मला सांगता येणार नाही.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. पर्स खांद्याला लावत म्हणाली की हे वाक्य तिने आजवर खूप कार्यालयांत ऐकलं आहे, इतक्या अवघडलेल्या चेहऱ्याने मात्र पहिल्यांदाच. तिचं विमान तीन दिवसांनी होतं. तोवर ती हॉटेलवर असणार होती.

घरी आले तर जेवण जाईना. मिलिंदला सगळं सांगितलं, म्हणजे त्या सहा ओळी सोडून सगळं. तो म्हणाला, अगं सांगून टाक ना तिला कानात, कोण बघतंय? मी म्हटलं, अहो, उद्या कोणीही कागद घेऊन आमच्याकडे येणार नाही. तो म्हणाला, तू पुढच्या वर्षी निवृत्तच होणार आहेस. आमच्या घरात भांडण असंच व्हायचं, दोघांचंही बरोबर असायचं. मला खात होतं ते वेगळंच. त्या ओळींत नाव नव्हतं. म्हणजे मी नियम मोडला असता तरी तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि नियम पाळत होते म्हणून ती हॉटेलात बसून नाव असेल या आशेवर होती. याहून वाईट जागी मी कामात कधी सापडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि हेर्र फोग्टच्या गावी गेले. आधी गाडी, मग बस. माफी मागायला रिकाम्या हातांनी कसं जायचं, म्हणून बेसनाचे लाडू नेले. दिवाळी पंधरा दिवसांवर होती, पहिला घाणा झालेला होता. हेर्र फोग्टनी दार उघडलं, डबा घेतला, मला आत घेतलं आणि लाडू बशीत ठेवून काटा-सुरीने खाल्ला. एक कणही सांडू दिला नाही. मग म्हणाले, तुमची चूक नाही, शाई माझीच आहे.

त्यांनी जे सांगितलं ते असं. शाळेत दरवर्षी अमेरिकेचा धडा यायचा, तेव्हा ते घरची पत्रं वर्गात घेऊन जायचे. बाजारावर थुंकतो हे वाक्य वाचून दाखवायचे. हा आपल्या गावचा माणूस, गरीब विणकर, पण अन्यायाला भ्यायला नाही. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. मग त्यांची आई वारली, माळा आवरताना उरलेली पत्रं निघाली आणि ते पुढे वाचत गेले. त्यानंतरच्याच आठवड्यात अख्खा वर्ग त्यांच्या घरी पत्रं बघायला यायचा होता. कबूल करून बसले होते. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी ओळी खोडल्या. "लाल शाईने नाही," ते म्हणाले. "लाल शाई मुलांच्या चुकांसाठी होती."

मी विचारलं, मग माझ्याकडे आणलीत कशाला पत्रं? ते म्हणाले, गाव बघत होतं. आणि मला वाटलं, शाई म्हणजे शाई, खाली गेलेलं गेलं. मग म्हणाले की कोणीतरी वाचावं असंही कुठेतरी वाटत असेल, त्यांना नक्की माहीत नाही.

तेव्हा मी एक गोष्ट सांगितली. ती जर्मनीत आल्यापासून कोणालाच सांगितली नव्हती, आणि आज छापून देते आहे. माझं आडनाव गायकवाड. मराठी माणूस हे आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न विचारतो, कुठले गायकवाड? त्याला काय हवं असतं ते त्यालाही माहीत असतं आणि मलाही. मी हसून म्हणायची, बडोद्याचे नव्हेत हं. सगळे हसायचे, विषय बदलायचा. स्टुटगार्टला असताना एका घरी हळदीकुंकू होतं. तिथे एक बाई, चांगली इंजिनिअर, म्हणाली की आता "त्या लोकांना" सरकार शिष्यवृत्त्या देऊन परदेशी पाठवतं, गुणवत्ता वगैरे काही बघत नाही. मी त्याच शिष्यवृत्तीवर आले होते. माझे आजोबा बाबासाहेबांच्या मागे बौद्ध झाले, म्हणून माझे वडील शिकले, म्हणून मी त्या सोफ्यावर बसले होते. मी काय केलं? उठले आणि तिला अजून थोडं मसाला दूध दिलं. घरचीच असल्यासारखं. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते, आणि राग येतो तो तिच्याहून जास्त माझा.

हेर्र फोग्टना मी हे सोपं करून सांगितलं. म्हटलं, ही शाई मीही वापरली आहे. मला वाटलं त्यांना बरं वाटेल.

त्यांनी मान हलवली. "तुम्ही भीतीने खोडलंत, फ्राऊ गायकवाड. तुमच्यावर अन्याय करणाऱ्यांसमोर. मी अन्याय करणाऱ्याला वाचवायला खोडलं. ही एकच शाई आहे असं म्हणून मला सोडू नका."

मास्तर तो मास्तरच. निघताना मी संमतीचा विषयसुद्धा काढला नाही. डबा तिथेच राहिला. बसमध्ये बसल्यावर वाटलं, लाडू खाऊ घालून आले, गुपित सांगून आले, आणि लोरेनच्या हातात काय, तर काही नाही.

तिसऱ्या दिवशी लोरेनची विमानतळाकडे जायची गाडी दुपारची होती. सकाळी ती निरोप घ्यायला प्रयोगशाळेत आली. माझ्यासाठी तिची आधीची एक कादंबरी आणली होती, सही करून. मी शरमेने ती धरूनच उभी. तेवढ्यात खालून फोन आला की एक वयस्कर गृहस्थ आले आहेत, वेळ ठरवलेली नाही. जर्मनीत वेळ न ठरवता कोणी आलं की काहीतरी घडलेलं असतं.

हेर्र फोग्ट तोच इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बसले नाहीत. आधी खिशातून संमतीचा कागद काढून माझ्या हातात दिला, वळणदार अक्षरात लिहिलेला, खाली सही. मग म्हणाले, दाखवा तिला.

मी पडदा लावला आणि त्या सहा ओळी वाचून इंग्रजीत सांगितल्या. शक्य तितक्या सपाट आवाजात, कारण तोही आमचा नियम आहे. तपकिरी गाय लीझं व्यायली, कालवड झाली, तिचं नाव ब्लूमं ठेवलं. तांबडा घोडा फुक्स लंगडतो. बायकोची पाठ धरली आहे, म्हणून शेजाऱ्याकडून काळी विकत घेतली, तरुण आहे, धुणं आणि शेत दोन्ही बघते, देवाची कृपा. संपलं.

लोरेनने एकेक बोट दुमडत विचारलं. गाईला नाव? हो. वासराला? हो. घोड्याला? हो. पुढचं बोट तिने दुमडलं नाही. मी खाली बघितलं. मला रडू येत होतं आणि रेकॉर्डर चालू होता.

"तर त्याने तिला सोडवलं नव्हतं," ती म्हणाली. "माझी दोनशे पानं खोटी आहेत."

मी हे हेर्र फोग्टना जर्मनमध्ये सांगितलं. ते म्हणाले, "हो. आणि अजून एक पत्र आहे."

त्यांनी बॅगेतून शाळेचा एक जुना अ‍ॅटलस काढला आणि त्याच्या पानांतून एक घडी केलेलं पत्र. चाळीस पत्रांच्या गठ्ठ्यात ते नव्हतं. मी सवयीने दिव्याकडे हात नेला, पण या पत्राला माझ्या दिव्यांची काही गरज नव्हती. एकही ओळ खोडलेली नव्हती. हेर्र फोग्ट म्हणाले की हे खोडायचं तर सगळंच खोडावं लागलं असतं, म्हणून त्यांनी ते काढूनच ठेवलं होतं. त्यांच्या बायकोनेही ते कधी पाहिलं नाही. लोरेनकडे वळून त्यांनी मला सांगायला लावलं की ही पत्रं मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलेली असत, तिची हरकत नसेल तर ते वाचतील. लोरेनने मान हलवली.

ते उभे राहून वाचू लागले. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. एकेक वाक्य वाचून थांबायचे, मी सांगायची.

भावाला लिहिलेलं होतं. आमची कामाची मुलगी पळाली. पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात, मूल घेऊन. आम्ही तिला घरच्यासारखं वागवलं, ती आपल्या गावचं जर्मन आपल्यासारखंच बोलायची, माझ्या पोरांना आपल्या गावाच्या गोष्टी सांगून तीच झोपवायची, आणि हे फळ मिळालं. शेजाऱ्यांनी कुत्रे दिले, पण माग नदीपाशी हरवला. मी वर्तमानपत्रात जाहिरात दिली आहे. छापणारा म्हणतो, नाव हवं, नावाशिवाय कशी शोधणार. आम्ही तिला मीना म्हणायचो, पण ती त्या नावाला कधी वेळेवर ओ द्यायची नाही. ती स्वतःला जे म्हणवते तेच छापायला दिलं.

इथे हेर्र फोग्टचा आवाज बसला. त्यांनी घसा साफ केला, कागद डोळ्यांजवळ नेला. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे, अक्षर तर छापल्यासारखं होतं.

"केझाया," ते म्हणाले.

नावाला भाषांतर लागत नाही. तरी मी तोंड उघडलं, आणि लोरेनने हात वर करून मला थांबवलं. मग तिने स्वतः ते नाव म्हटलं, हळू. हेर्र फोग्टना बोटाने खूण करून ती ओळ परत वाचायला लावली. त्यांनी वाचली. अजून एकदा. त्यांनी तिसऱ्यांदा वाचली, आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज बसला नाही.

मग मलाच गप्प बसवेना. पुढे काय झालं, हा किडा माझ्या डोक्यात कायमचा आहे. मी हेर्र फोग्टना विचारलं, पुढच्या पत्रांत काही आहे का, ती सापडली का? ते म्हणाले, त्यांनीही शोधलं होतं, सगळी पत्रं दोनदा वाचली होती, त्याने पुन्हा कधी तिचा उल्लेखच केला नाही. "तिला विचारा," ते म्हणाले, "कुठे दुसरीकडे काही नोंद असेल का, सापडली होती की नाही."

मी विचारलं. लोरेन डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"नाही सापडली," ती म्हणाली. "सापडली असती तर मी इथे कशी आले असते?"

हे मी जर्मनमध्ये सांगितलं, आणि सकाळपासून उभे असलेले हेर्र फोग्ट तेव्हा कुठे खाली बसले.